बाहेरून कडी नको

माझे सासरे हेल्मेटसक्तीच्या कट्टर विरोधात, आणि स्कूटर चालवत होते तोवर हेल्मेट घातल्याशिवाय ते कधी गेटबाहेर पडले नाहीत. एकदा मुंबई नाक्याजवळ पोलिसाने त्यांना थांबवलं, तेही पावती फाडायला नव्हे, कौतुक करायला. "बाबा, या वयात तुम्ही नियम पाळता, आणि ही तरणी पोरं बघा," असं तो म्हणाला. मी मागच्या सीटवर हेल्मेटशिवाय, पदर डोक्यावरून घेऊन, जमेल तेवढी अदृश्य होऊन बसले होते. सासऱ्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"साहेब, मी नियम नाय पाळत. मी डोकं सांभाळतो. तुमचा नियम उद्या गेला तरी हे डोक्यावरच राहील. आणि त्या पोरांचं डोकं त्यांचं हाय. समजावून सांगा त्यांना. धाक कशाला घालता?"

पोलीस नुसता हसला. त्याने मला पाहिलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. त्याने हात हलवून आम्हाला जायला सांगितलं.

आमच्या घरात सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा विंचूरच्या बाजूचे, कांदा पिकवणारे. तरुणपणी कांद्याच्या आंदोलनात हायवेवर बसले होते आणि काही दिवस तुरुंगातही राहून आले होते. त्या दिवसांत त्यांना एक गोष्ट जी पटली ती कायमची. सरकारने शेतकऱ्याचा हात धरू नये आणि त्याला हातही देऊ नये, त्याला नुसतं चालू द्यावं. परदेशात कांदा पाठवायला अचानक बंदी आली की गावातले लोक अनुदानाची मागणी करायचे. मामा म्हणायचे, "दार उघडा एवढंच सांगा. ताटात वाढा म्हणू नका. जो वाढतो तो उद्या ताट ओढूनही घेतो." यामुळे गावात त्यांना मान होता, पण मत कुणी देत नसे. एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि सपशेल पडले.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. शाळा अनुदानित, पगार सरकारी. सासूबाई गेल्यावर मामा शेती वाट्याने देऊन आमच्याकडे शहरात, इंदिरानगरला राहायला आले, तेव्हापासून माझं पाठ्यपुस्तक हा त्यांचा आवडता विषय झाला. मी वह्या तपासायला बसले की ते शेजारी येऊन पुस्तक उघडायचे. "यात हक्काला एक पान आणि कर्तव्याला दोन. आसं का?"

"मामा, हक्क आणि कर्तव्य एकाच नाण्याच्या दोन बाजू असतात."

"आसं पोरांना सांगतेस होय? चूक हाय ते. हक्क माझा असतो. तो मला कुणी दिलेला नाय. कर्तव्य मी माझ्या मनानं घेतो. दुसऱ्यानं माझ्यावर लादलं तर ती वेठ झाली."

मी चिडायचे. सरकार नसेल तर रस्ता कोण करणार, शाळा कोण चालवणार, असं सगळं विचारायचे. ते शांतपणे ऐकून घेत आणि माझ्याच हातचा चहा पीत माझंच म्हणणं खोडून काढत. खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, हे एका हट्टी, सधन शेतकऱ्याचं बोलणं आहे. ज्याला कुणाची गरज पडली नाही तो म्हणणारच, मला कुणी नको. माणसाचं बोलणं खरं आहे की नुसतं तोंडचं, हे त्याची किंमत मोजायची वेळ आल्यावरच कळतं. ती वेळ पुढे आली.

आमच्या सोसायटीत एक लहानसं सरकार होतंच. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. माणूस कामसू, पाण्याची टाकी स्वतः उभं राहून धुऊन घेणारा. पण नियमांचा त्यांना भारी सोस. जिन्याखालच्या फळ्यावर दर महिन्याला एक नवा नियम उगवायचा. चपला दाराबाहेर ठेवू नयेत. गच्चीत पापड वाळवायचे तर आधी कळवावे. मामा फळ्यापुढे उभे राहून प्रत्येक नियम मोठ्याने वाचत आणि वर म्हणत, "पापडाला पण पास लागतो आता!"

आमच्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. मालक पुण्याला असत. त्यांनी तो एका नर्सला भाड्याने दिला. सरकारी दवाखान्यात नोकरी, वय तिशीच्या आत, एकटी. ती सामान घेऊन आली त्या दिवशी अध्यक्षांनी तिला जिन्यातच थांबवलं. मी भाजी घेऊन वर येत होते, मामा दारात उभे होते.

अध्यक्षांनी आधी तिचं आडनाव विचारलं. तिने सांगितलं. मग गाव विचारलं. मग थोडं घुटमळून म्हणाले, "म्हणजे तुम्ही... जयभीमवाले ना?"

"हो. बौद्ध," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हा प्रश्न याआधी अनेक जिन्यांत ऐकून घेतल्यासारखी ती उभी होती.

"तसं काही नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही. पण सोसायटीचा ठराव आहे, एकट्या व्यक्तीला भाड्याने द्यायचं नाही. कुटुंब असेल तर..."

तेव्हा मामा बोलले. "अध्यक्षसाहेब, घर कुणाचं?"

"मालकांचं."

"मालकानं दिलं. हिनं घेतलं. दोघांचं जमलं. मंग आपण तिघं मधे कशाला उभे हाय? आणि पुढचा प्रश्न. मी एकटाच हाय, बायको वारली माझी. मला काढता का?"

"तुमचं वेगळं आहे, तुम्ही मुलाकडे राहता."

"म्हंजे पोराच्या जिवावर जगणारा चालतो, स्वतःच्या पायावर उभी असलेली चालत नाय." एवढं बोलून मामांनी तिची एक पिशवी उचलली. मग मीही दुसरी उचलली. अध्यक्ष बाजूला झाले. ठराव फळ्यावर तसाच राहिला आणि ती राहायला आली.

आठवड्याभरात मामांची पहिली परीक्षा झाली. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात सुकट भाजली जात होती. मामा शाकाहारी, गळ्यात तुळशीची माळ, अंड्याच्या टरफलाकडेही न बघणारे. वास आमच्या घरभर पसरला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते उठले, खिडकी लावली, नाकाला उपरणं धरलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

"सांगू का तिला?" मी विचारलं.

"काय सांगणार? नाक माझं हाय. खिडकी माझी हाय. मी लावली."

पुढे ती सुकट करायची तेव्हा आधी दार वाजवून सांगायची, "आजोबा, आज खिडकी लावा." तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मामा फार खूश व्हायचे. "बघ, नियम लागला का? हिला माणूस दिसतो, एवढं पुरे हाय."

मग महामारी आली आणि सगळं शहर दारं लावून बसलं. मला वाटलं होतं, मामा आता रोज वाद घालतील, मास्क लावणार नाहीत, पोलिसांशी भांडतील. झालं उलटंच. टाळेबंदी जाहीर व्हायच्या आधीच त्यांनी गच्चीवरच्या गप्पा बंद केल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणत, "माझ्या श्वासानं दुसरा मरणार आसंल तर तो माझा श्वास माझा राहत नाय." सरकारवर मात्र ते खवळलेले होते. पायी गावाकडे निघालेले मजूर टीव्हीवर दिसले की ते उठून आत जात. हायवे आमच्या घरापासून दूर नाही. माझ्या नवऱ्याला घेऊन ते एका सकाळी तिकडे गेले, बरोबर भाकऱ्या आणि पाण्याचे कॅन. कुणाची परवानगी काढली होती, मी विचारलं नाही.

नर्स रोज कामाला जात होती. एका सकाळी रात्रपाळी करून ती परत आली तर सोसायटीच्या गेटला आतून कुलूप. ती बाहेर, खांद्याला डब्याची पिशवी, चेहऱ्यावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ. आत अध्यक्ष. दूधवाल्याच्या वेळेला हे चाललेलं, त्यामुळे प्रत्येक गॅलरीत माणूस. पण एकही खाली येईना. मीही गॅलरीतच होते. मामा कधी उतरले, मला कळलंच नाही. दिसले तेव्हा ते अध्यक्षांपासून चांगलं चार हात अंतर राखून उभे होते, नाकापर्यंत उपरणं गुंडाळलेलं.

"कुलूप का?"

"वरून आदेश आहे. दवाखान्यातल्या लोकांनी तिकडेच राहायचं."

"वरून म्हंजे कुठून?"

"महापालिकेकडून."

"दाखवा."

अध्यक्षांनी चाव्या या हातातून त्या हातात घेतल्या. मामांनी हळू आवाजात सांगितलं, पण सकाळच्या त्या शांततेत ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. "सरकारचा आदेश आसता तरी मी विचारलं आसतं, का म्हणून. हा तर तुमचाच आदेश हाय. वर सरकारचं नाव घातलंय. साहेब, तुम्हाला भीती वाटते, खरं का नाय?"

तेव्हा अध्यक्षांचा आवाज फुटला. त्यांच्या पत्नीची केमोथेरपी चालू होती. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. "तिला काही झालं तर मी काय करू? तुम्हीच सांगा, मी काय करू?" असं म्हणताना ते चाव्यांचा जुडगा दोन्ही हातांत दाबत होते.

मामांनी उपरणं सारखं केलं. "भीती खरी हाय तुमची. पण भीती माझ्या घरात आसली तर मी माझं दार लावीन. तिचं दार लावायचा मला काय अधिकार? आता तुमच्या दाराचं बघू. तुम्ही दोघांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाय. दूध, भाजी, औषध, सगळं मी आणून देतो. दारात ठेवून घंटी वाजवीन. आणि ही पोरगी जिन्यानं जाईल, कठड्याला हात लावणार नाय. काय गं, चालंल का?"

"चालेल," ती गेटबाहेरून म्हणाली. "पण आजोबा, भाजी तुम्ही आणायची नाही. तुमचं वय बघा. हे मी नर्स म्हणून सांगते. सांगते हं, हुकूम देत नाही."

कुलूप उघडलं गेलं. भाजी आणायचं काम अर्थातच माझ्या नवऱ्यावर आलं. पुढचे कित्येक दिवस दोन घरांच्या पिशव्या घेऊन तो जिने चढत होता आणि कुरकुरत होता, "तत्त्वं तुमची, पिशव्या माझ्या!" मामा म्हणाले, "तुझ्यावर जबरदस्ती नाय. नको आसंल तर मी जातो." अर्थात यापेक्षा मोठी जबरदस्ती काय असते? मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर ते मनापासून हसले.

पुढे व्हायचं तेच झालं. नर्स आजारी पडली. स्वतःच फोन करून तिने आम्हाला आणि अध्यक्षांना कळवलं. दवाखान्याने घरीच राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं आमचा मजला बंद करायला आली. आम्ही तिच्या समोरचे, तिला चहा-पाणी देणारे, म्हणजे आम्हीही आत. दारावर कागद चिकटवला, जिन्यात फीत बांधली. मामांनी काही हरकत घेतली नाही. मग एकाने पत्रा आणि कुलूप काढलं. जिन्याच्या तोंडाशी पत्रा ठोकून त्याला बाहेरून कुलूप लावायचं, असं ठरलं होतं.

"हे नाय," मामा म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. "मामा, नियम आहे. सगळीकडे लावतायत."

"आग लागली तर? रातीला हिला दम लागला तर? किल्ली कुणाकडं, तो कुठं राहतो?" मग ते त्या माणसांच्या साहेबाशी बोलायला लागले. तो तरुण होता, डोळे लाल, पीपीई किटमध्ये घामाने भिजलेला. मामा त्याच्यावर चिडले नाहीत. "साहेब, आम्ही बाहेर पडणार नाय. तुम्ही सांगता म्हणून नाय, आम्हाला कळतं म्हणून. माझा शब्द घ्या. पण बाहेरून कडी घातली तर माझ्या शब्दाला काय अर्थ राहिला? कोंडलेला माणूस आत राहतो त्यात त्याचं काय कौतुक?"

"आजोबा, लोक ऐकत नाहीत हो. शब्द देतात आणि संध्याकाळी पानटपरीवर सापडतात."

"त्यांना धरा. त्यांच्या पापाची शिक्षा मला आधीच कशाला देता?"

पटलं म्हणून की दमला होता म्हणून, पण त्या साहेबाने पत्रा उचलायला सांगितलं. फीत तेवढी राहिली. बोटाने सरकवली असती तरी तुटली असती अशी.

नर्सचा ताप उतरल्यावर आमच्या मजल्यावर एक नवा रिवाज पडला. दुपारी ती आपल्या दारात आत खुर्ची टाकून बसायची, मामा आपल्या दारात. मधे रिकामा पॅसेज. दोघांच्या तोंडाला मास्क, आणि गप्पा अशा मोठ्याने की खालच्या मजल्यालाही विषय कळायचा. विषय बहुतेक सरकारच. मामांनी एकदा आपलं नेहमीचं सुरू केलं, सरकार जितकं लहान तितका माणूस मोठा. तिने ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आजोबा, एक सांगू का? तुम्हाला हे बोलणं परवडतं."

"परवडतं म्हंजे?"

"माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तिथे सरकार नव्हतं आजोबा, गावच होतं. कायदा आला, तेव्हा कुठे ती विहिरीच्या काठावर उभी राहिली. आई शिकली ती सरकारी वसतिगृहात. मी शिकले तीही. आणि आज ज्या वॉर्डात मी काम करते, तिथे येणाऱ्या माणसाला दुसरं दार नाही. तुमच्या हिशोबाने सरकार लहान झालं असतं तर मी या जिन्यापर्यंतसुद्धा पोचले नसते."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मामा काय उत्तर देतात याची वाट बघत मी गॅस बारीक केला. वाद अर्धा सोडून मामा उठले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. खुर्ची उचलून ते आत आले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दुपारी त्यांनीच आधी खुर्ची टाकली. ती दारात आल्यावर म्हणाले, "आमच्या मळ्यात विहीर होती. तुमच्याकडची माणसं आमच्या शेतात कामाला यायची, पण विहिरीवर कधी यायची नाय. ओढ्यावर जायची. मी तरणा होतो, तुरुंगात जाऊन आलो होतो, स्वातंत्र्यावर भाषणं करायचो. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाय, की ही माणसं ओढ्यावर का जातात."

तिने खुर्ची उंबऱ्यापर्यंत पुढे ओढली.

"तू म्हणतेस तिथं सरकार नव्हतं. मला काल वाटलं, होतं. गाव हेच सरकार होतं, बिनकागदाचं. कुणी निवडून दिलेलं नाय, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाय. आणि मी त्यात होतो. एकट्या माणसाचा गळा कुणीही धरू शकतं, सरकार, गाव, जात, आपली सोसायटी. जो कायदा तो हात सोडवतो तेवढा मला पाहिजे. तेवढं सरकार मला मान्य."

"आणि दवाखाना?" तिने विचारलं.

मामा हसले. "दवाखान्याचं अजून भांडू. सगळं एका दिवसात देऊन टाकू का?"

मी वर्गात इतकी वर्षं हक्कांची व्याख्या शिकवत आले. त्या दुपारी ती दोन दारांच्या मधे, रिकाम्या पॅसेजमध्ये माझ्यासमोर होती. आणि सत्तरी ओलांडलेला माणूस रात्रभर विचार करून आपलं आयुष्यभराचं मत दुरुस्त करू शकतो, हेही मी तेव्हाच पाहिलं.

याच दिवसांत गावाहून फोन आला. मामांची आई ते रांगते असताना वारली होती. त्यांना वाढवलं मोठ्या बहिणीने. सगळे तिला अक्का म्हणायचे. लग्न करून ती विंचूरजवळच दिली होती आणि मामा दर बाजाराच्या दिवशी आधी तिच्याकडे जेवून मगच मार्केटला जात. अक्का त्या सकाळी झोपेतच गेल्या. वय झालं होतं, दुसरा काही आजार नव्हता. फोन त्यांच्या मुलाचा, म्हणजे मामांच्या भाच्याचा. तो रडत सांगत होता, "मामा, तुम्ही या. मी गाडी पाठवतो, पासचं बघतो. तुम्ही आल्याबिगर आईला उचलणार नाय."

घरात राहायची आमची मुदत संपली नव्हती. आम्हा तिघांनाही काही त्रास नव्हता, पण खात्री कुणी द्यावी? जिन्यात फक्त ती फीत. खाली कुणी पहारेकरी नव्हता. नवरा म्हणाला, "बाबा, जाऊन या. मी घेऊन जातो. कोण बघतंय?"

मलाही तेच वाटत होतं. मी म्हणालेसुद्धा, "मामा, अशा वेळी कुणी काही म्हणणार नाही. त्या साहेबाला फोन करून विचारू या हवं तर. तो हो म्हणेल."

"तो हो म्हणंल," मामा म्हणाले. "त्याच्या हो म्हणण्यानं काय होतं? तिथं म्हातारी माणसं जमतील. माझ्या गळ्यात पडून रडतील. अक्काच्या जावा हायेत, लहान लेकरं हायेत. मी काय घेऊन जातोय ते मला माहीत नाय." मग भिंतीकडे बघत, "शब्द दिला तेव्हा मी अट घातली नव्हती, की अक्का गेली तर सोडून."

त्यांनी भाच्याला स्वतः फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. पलीकडून काय ऐकावं लागलं ते आम्हाला कळलं नाही. मामा नुसतं "हां," "हां" म्हणत राहिले. फोन ठेवून गॅलरीत गेले. भाच्याच्या मुलाने अंत्यविधी मोबाईलवर दाखवायची तयारी केली होती, पण त्यांनी नको म्हटलं. दुपारभर ते विंचूरच्या दिशेला तोंड करून बसले. ऊन अंगावर आलं तरी हलले नाहीत. मी पाणी नेऊन दिलं, ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

समोरचं दार त्या दिवशी उघडं होतं. नर्स तिच्या खुर्चीत बसून होती. संध्याकाळी मामा आत आले, तेव्हा ती उठली आणि तिने दार लावून घेतलं.

मुदत संपली. फीत काढायला कुणी आलंच नाही. मामांनीच ती सोडली आणि घडी करून कचऱ्यात टाकली. रस्ते मोकळे झाले त्या पहिल्या दिवशी आम्ही गावाला गेलो. भाच्याने आम्हाला बसायला सतरंजी टाकली, पण मामांशी बोलला नाही. भाचेसून म्हणाली, "आत्याबाई शेवटच्या रात्री तुमचंच नाव घेत होत्या मामा." त्यात बोचरेपणा होता की नुसतं सांगणं होतं, कोण जाणे. मामांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. आपण का आलो नाही हे त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "मामा, पश्चात्ताप होतो का?"

"होतो की. रोज होतो." खिडकीबाहेर कांदा साठवायच्या चाळी मागे पडत होत्या. "तुला वाटलं, बरोबर वागलं की दुखत नाय? मी माझ्या मनानं राहिलो. मंग त्याचं दुःखही माझंच. सरकारनं कोंडलं म्हणून राहिलो, आसं सांगता आलं आसतं तर भाचा आज बोलला आसता माझ्याशी. सोपं गेलं आसतं."

मी त्यांच्या सगळ्या मतांशी आजही सहमत नाही. माझी शाळा सरकारी पैशावर चालते आणि चालावी, असंच मला वाटतं. पण स्वातंत्र्य हा शब्द मी वर्गात उच्चारते तेव्हा मला त्यांचा गाडीतला चेहरा दिसतो. मला जे पाठ होतं त्याची किंमत त्यांनी भरलेली होती. असा माणूस माझ्या घरात राहतो, माझ्या हातचा चहा पितो आणि माझ्याशी भांडतो, याचा मला अभिमान आहे. त्यांना तो मी कधी बोलून दाखवलेला नाही, कारण लगेच म्हणतील, "अभिमान तुझा, तू सांभाळ."

पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी स्वतःच एकट्या भाडेकरूंचा ठराव मागे घेतला. त्यांच्या पत्नी तेव्हा बऱ्या होऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मामांना अध्यक्ष करावं असंही कुणी सुचवलं. मामा उठून म्हणाले, "मला केलं तर मी पहिल्या दिवशी फळा काढीन आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन. टाकी कोण धुऊन घेणार मंग?" सगळे हसले आणि जुनेच अध्यक्ष कायम राहिले. नर्सची बदली इगतपुरीला झाली. ती तिकडेच असते, लग्न झालं, फोन करते. दवाखान्याचं भांडण दोघांचं अजून मिटलेलं नाही. फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे मलाही रोजचं कळतं.

भाचा मात्र वर्षानुवर्षं बोलला नाही. गेल्या दिवाळीत अचानक दारात उभा राहिला, मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला. मी चहा केला. दोघं पावसाबद्दल बोलले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले, परदेशात माल जाऊ देत नाहीत म्हणून दोघांनी मिळून सरकारला शिव्या घातल्या. अक्कांचा विषय कुणीच काढला नाही. जाताना भाचा मामांच्या पाया पडला आणि म्हणाला, "लग्नाला या." मामा म्हणाले, "येतो." तो जिना उतरून गेला, तरी मामा दार उघडं ठेवून बराच वेळ उंबऱ्यात उभे होते.